तेवढे लाईट बंद करा

आक्काचा फोन आला तेव्हा मी घनसावंगीच्या स्टँडबाहेर काळीपिवळी जीपमध्ये बसलो होतो आणि गाडी भरायची वाट बघून वैतागलो होतो. "सुभाष, तुझे दाजी गेले रे," ती म्हणाली. "चहा घेतला अन् ओसरीत खुर्चीवर बसले... मी पीठ मळून राह्यले व्हते. हाक मारली, तर ओ न्हाई." मी ड्रायव्हरला सांगितलं की बाबा, घरात मयत झालीय, आता चल. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यानं गाडीतलं गाणं बारीक केलं. मग म्हणाला, "दोन शीट येऊ द्या काका, लगेच निघतो." दोन शीट यायला वेळ लागला. अंबडला उतरून वडीगोद्रीची गाडी धरली, तीही तशीच भरेपर्यंत थांबली. माझे दाजी गेले आणि मी दोन ठिकाणी गाडी भरायची वाट बघत बसलो, याचा राग मला अजून आहे. राग नेमका कोणावर काढायचा हे कळत नाही, पण तसं तर दाजींच्या बाबतीत माझं नेहमीच होत आलं.

दाजी जाऊन आता काही आठवडे झाले. मोबाईलवरच्या ग्रुपात 'रेडिओचा आवाज हरपला' असे संदेश फिरून थांबले. शोकसभा झाली, तिथं मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं गहिवर आला. गहिवर कसला, संताप आला होता. बोललो असतो तर भांडण झालं असतं आणि आक्का समोर बसली होती. म्हणून जे तिथं गिळलं ते इथं लिहितो.

सुखदेव दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडीगोद्रीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. उंच, सडसडीत, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. शाळेत पोरं त्यांना मागून 'खरखर सर' म्हणायची, आणि ते त्यांना माहीत होतं. रेडिओ हे त्यांचं वेड, पण लोकांचा एक गैरसमज मला आधी दूर करायचा आहे. शोकसभेत कुणीतरी सांगितलं की सरांच्या हातात जादू होती, मेलेला रेडिओ ते जिवंत करायचे. साफ खोटं. दाजींच्या हातून रेडिओ दुरुस्त झालेला मी तरी पाहिला नाही. चालू सेट मात्र त्यांनी कैक बंद पाडले. आमच्या वडिलांचा चांगला वाजणारा ट्रान्झिस्टर त्यांनी 'याचा एरियल कॉइल जरा सुधारतो' म्हणून नेला, तो परत आला तेव्हा त्यावर फक्त शेजारच्या गिरणीचा आवाज यायचा. वडील शेवटपर्यंत जावयाला काही बोलले नाहीत, घरात मात्र आम्हाला रोज ऐकवायचे. दुरुस्ती हा दाजींचा प्रांतच नव्हता. त्यांना ऐकायची ओढ होती, आणि ते आवाज येतात कुठून, कसे, हे समोरच्याला समजावून सांगायची त्याहून मोठी ओढ. क्रिकेटचा स्कोअर विचारायला गेलेल्या माणसाला ते आकाशातल्या थरांवरून लहरी कशा उलट्या फिरतात ते सांगायचे. तोवर मॅच संपलेली असायची.

ही ओढ कुठून आली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, आक्काच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिला माहेरी न्यायला गेलो होतो तेव्हा. त्यांच्या लहानपणी गावात एकच रेडिओ, चावडीत. सरकारी. लाकडी पेटीत कुलपात ठेवलेला, भोंगा भिंतीवर. संध्याकाळी कुलूप निघायचं, वॉल्व्ह तापायला वेळ लागायचा आणि तेवढ्यात माणसं जमायची. चावडीच्या ओट्यावर गावातली मोठी माणसं, पायरीवर बाकीची, आणि रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली यांची वस्ती. यांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर धम्म घेतलेला, घरातले देव गेलेले, पण बसायची जागा काही बदलली नव्हती. "कुणी बसू नका असं म्हणलं न्हाई कधी," दाजी म्हणाले. "आम्हीच पलीकडे बसायचो. पण आवाज बराबर सारखाच यायचा. ओट्यावर जेवढा, लिंबाखाली तेवढाच." मग मास्तरांनी वर्गात सांगितलं की लहर भिंतीतून जाते, तिला दार लागत नाही. तेव्हापासून हा माणूस रेडिओचा झाला. आठवीत असताना त्यांनी तांब्याची तार गुंडाळून, एक डायोड आणि कुणाकडून तरी आणलेला कानातला रिसीव्हर जोडून, लिंबाच्या शेंड्यापर्यंत एरियल नेऊन एक सेट केला होता. त्याला ना सेल, ना लाईट. रात्री कानाला घट्ट लावला की डासाएवढा आवाज यायचा. त्यांचे वडील आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरात बसून बातम्या ऐकून झोपले, असं ते सांगायचे. हे खरं की दाजींनी त्यात मीठमसाला घातला, ते मला माहीत नाही.

पुढं नोकरी लागल्यावर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, भर गावात, त्यांनी घर बांधलं आणि ओसरीत रेडिओसाठी वेगळा कोनाडा ठेवला. एकेकाळी रेडिओ ठेवायला पोस्टात लायसन भरावं लागायचं, हे ते कौतुकानं सांगत, जणू बंदुकीचं लायसन. ट्रान्झिस्टर आला तेव्हा ऐकणारा माणूस पहिल्यांदा जागचा उठला, म्हशीमागं निघाला, मोटेवर गेला, असं त्यांचं म्हणणं. एफएमवर मात्र त्यांची नाराजी. आवाज गोड, पण डोळ्याला दिसतं तेवढ्यापुरता. डोंगर आडवा आला की संपला. मध्यम लहर जमिनीला धरून चालते, ओढे-नाले ओलांडून गरिबाच्या खोपटात जाते, म्हणून त्यांचा जीव तिच्यावर. मला हे सगळं तोंडपाठ आहे, कारण दर दिवाळीला मी ते ऐकलंय. आक्का ताटं वाढून बसायची आणि हे पुरणाची पोळी हातात धरून मध्यम लहर कशी चालते ते हवेत दाखवायचे. पोळी गार व्हायची. आक्का माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायची.

पण या मध्यम लहरीला एक शत्रू निघाला, आणि तो दाजींच्या घरातूनच निघाला. त्यांचा मुलगा मिलिंद. पोरगं हुशार, कष्टाळू, हायवेवर त्याचं दुकान. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, सोलर पंप, सगळं विकायचं आणि बसवून द्यायचं. आता हे सगळं सामान काम करताना आपल्यासोबत एक बारीक विजेचा गोंगाट सोडतं. आपल्याला तो ऐकू येत नाही. मध्यम लहरीच्या रेडिओला येतो, आणि त्याच्यावर असा चढतो की केंद्र त्याच्याखाली गाडलं जातं. स्वस्तातला माल असेल तर बघायलाच नको. गल्लीत एकेका घरात पांढरा उजेड येत गेला, तसतशी दाजींच्या कोनाड्यात खरखर वाढत गेली. मग हा माणूस ट्रान्झिस्टर हातात धरून गल्लीतून फिरायला लागला. त्या सेटच्या आत एक कांडी असते, सेट फिरवला की एका बाजूला खरखर दबून बसते आणि त्यावरून ती कुठून येते ते कळतं. असा सेट फिरवत फिरवत ते लोकांच्या दारात उभे राहायचे. "तुमचा तो चार्जर जरा काढता का? भरलाय तुमचा मोबाईल." लोक पहिल्यांदा हसून काढायचे, मग कुरकुरत काढायचे, मग दार उघडेनासे झाले. एका बाईनं तोंडावर सांगितलं की सर, आमच्या पोराचा अभ्यास महत्त्वाचा का तुमची गाणी. दाजी तिला अभ्यासाला तारेचा जुना बल्ब कसा चांगला ते समजावून सांगायला बसले. मी सोबत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिलिंदशी तर रोज वाद. तो म्हणायचा, "अहो दादा, सगळे कार्यक्रम मोबाईलवर येतात. ॲप टाकून देतो." दाजी म्हणायचे, "टॉवर गेला की तुझं ॲप गेलं. मंग?" आणि एकदा तसं झालंही. मध्यंतरी आपल्या भागात काही दिवस इंटरनेट बंद होतं, अंतरवाली सराटीपासून इथपर्यंत सगळे मोबाईल नुसते डबे झाले होते. तेव्हा माणसं संध्याकाळी आपण होऊन दाजींच्या ओसरीत येऊन बसायला लागली, तोंडावर बोलणारी ती बाईसुद्धा. चार्जर काढून आलेय, असं तिनं आल्याआल्या सांगितलं. ओसरीत, पायरीवर, गल्लीत माणसं. दाजींच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मीसुद्धा चेष्टा केली नाही. इंटरनेट आलं आणि दुसऱ्या दिवसापासून ओसरी रिकामी.

एरवी त्यांचा आधार एकच. लाईट जाणं. सगळं गाव महावितरणाच्या नावानं बोटं मोडायचं, तेव्हा हा एक माणूस टुणकन उठायचा. लाईट गेली की गल्लीतला गोंगाट एका क्षणात बसायचा आणि रेडिओ असा स्वच्छ लागायचा, जणू निवेदक ओसरीत बसून बोलतोय. आक्काला अंधारात भाकरी थापताना हाक यायची, "अगं ये, ऐक, ऐक." ती म्हणायची, "चुलीवरून उतरवू का जळू देऊ?" पुढं घरोघरी इन्व्हर्टर आले, तेही मिलिंदनंच बसवले, आणि लोडशेडिंगचंही सुख संपलं. त्या दिवशी दाजी आपलं ताट उचलून ओसरीत जाऊन जेवले.

मग ती बातमी आली. आपल्या भागाचं मध्यम लहरीवरचं प्रक्षेपण बंद होणार. कार्यक्रम पुढं एफएमवर आणि मोबाईलवर. जुनी यंत्रं, सुटे भाग मिळत नाहीत, ऐकणारे उरले नाहीत, अशी कारणं. मला वाटलं हे आता आभाळ डोक्यावर घेणार. पण दाजी शांत होते. त्यांना फक्त एक हवं होतं. शेवटच्या संध्याकाळचं शेवटचं प्रक्षेपण, समारोपाच्या घोषणेपर्यंत, स्वतःच्या ओसरीत बसून, स्वच्छ ऐकायचं. मी म्हणालो, शेतातल्या आखाड्यावरच्या खोपीत जा की, तिथं ना लाईट ना खरखर, मी येतो सोबत, मजेत ऐकू. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लहानपणी लांब बसून ऐकलं, सुभाष. आता शेवटचं बी गावाबाहेर जाऊन ऐकू व्हय? गावानं अर्धा तास लाईट बंद ठेवावी. एवढं मागतो."

आणि गल्लीनं ते कबूल केलं. हे मला सांगायलाच हवं, नाहीतर अन्याय होईल. दाजी घरोघर गेले, सेट न घेता. ज्यांनी दार उघडणं सोडलं होतं त्यांनीही उघडलं. ठरलं की त्या संध्याकाळी सगळी गल्ली मेन स्विच पाडणार, इन्व्हर्टरसकट. मिलिंदनं तर दुकानाचा बोर्डही बंद ठेवतो म्हणून सांगितलं. बापलेक कितीतरी दिवसांनी हसून बोलले. आक्का मला फोनवर म्हणाली, "तू बी ये. त्यांना बरं वाटंल."

मी गेलो. गल्लीत शिरलो. घरं सगळी अंधारात, शब्दाला जागलेली. आणि दाजींच्या दारासमोर मंडप. मंडपाला चारी बाजूंनी एलईडीचे फोकस, लख्ख पांढरे. एक टेबल, त्यावर शाल-श्रीफळ, मागं दाजींच्या फोटोचा बॅनर, 'रेडिओप्रेमी गुरुवर्यांचा हृद्य सत्कार'. आणि गल्लीची लाईट बंद म्हणून कोपऱ्यात भाड्याचा जनरेटर, धडधडणारा. मिलिंद पांढरा शर्ट घालून धावपळ करत होता. "मामा, दादांना सरप्राईज," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "आयुष्यभर त्यांना कुणी काय मानलं न्हाई. आज गावासमोर मान द्यायचा." आता या पोराला काय बोलणार? मी विचारलं, अरे पण खरखर? तो म्हणाला, "गल्लीची सगळी लाईट बंद केली की. आपण तर जनरेटरवर घेतलंय." जन्मभर हेच सामान विकून त्याला हे सुचू नये... पण नाही सुचलं. कुणालाच नाही सुचलं. आपल्याकडे माणसाचा मान करायचा म्हणजे त्याच्यावर उजेड पाडायचा आणि माईक लावायचा, एवढंच आपल्याला येतं.

दाजींना खुर्चीवर आणून बसवलं, सेट मांडीवर. गावातला नेहमीचा निवेदक, लग्नापासून मयतीनंतरच्या पुण्यानुमोदनापर्यंत सगळीकडे तोच. त्यानं सांगितलं की प्रमुख पाहुणे वाटेत आहेत. रेडिओ काही प्रमुख पाहुण्यांची वाट बघत नाही. दाजींनी सेट लावला आणि नुसती खरखर. त्यांनी तो डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. चारी बाजूंना फोकस, खरखर बसणार कुठं? तेवढ्यात निवेदकाला कल्पना सुचली की सगळ्या गावाला ऐकू जावं, म्हणून त्यानं दुसरा माईक आणून सेटला लावला. मग ती खरखर दोन मोठ्या स्पीकरमधून गावभर गेली. त्याच्या खाली कुठंतरी, तळाशी, कुणीतरी बोलत होतं. एक बाई की पुरुष तेसुद्धा कळेना. पाहुणे आले, हार झाले, शाल झाली. पाहुण्यांनी रेडिओ या विषयावर भाषण केलं. आणि मग दाजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले. माईकवर म्हणाले, "तेवढे लाईट बंद करा. अन् जनरेटर."

लोक हसले. टाळ्या वाजल्या. निवेदक म्हणाला, आमचे सर आजही मिश्कील आहेत.

मी जनरेटरकडे धावलो. तो माणूस म्हणाला, "मिलिंदभाऊ सांगतील तव्हा बंद करतो." मिलिंद पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला होता. त्याला गाठलं, ओढत आणलं, त्याचा चेहरा तेव्हा कुठं उतरला. जनरेटर थांबला, फोकस विझले, गल्ली काळीभोर झाली, आणि सेट एकदम शांत झाला. स्वच्छ. काहीही नाही. केंद्र बंद झालेलं होतं.

त्यानंतर मला वाटलं आता दाजी बोलतील. पोराला फैलावर घेतील, निवेदकाला मध्यम लहर समजावून सांगतील, काहीतरी करतील. त्यांनी शालीची घडी घातली, ती आक्काकडे दिली आणि मिलिंदला म्हणाले, "चांगला झाला कार्यक्रम." बस. त्या दिवसानंतर ते कुणाच्या दारात चार्जर काढा म्हणून गेले नाहीत. सेट कोनाड्यात पडून राहिला. दिवाळीला मी मुद्दाम विचारलं की दाजी, आकाशात लहरी उलट्या कशा फिरतात हो? म्हणाले, "जेव की, पोळी गार व्हईल." तेव्हाच मला समजायला हवं होतं.

शोकसभेचा मंडप त्याच मंडपवाल्यानं घातला, तोच निवेदक, तेच फोकस. म्हणून मी खाली बसलो.

परवा आक्काकडे मुक्कामाला गेलो होतो. संध्याकाळी मिलिंद दुकानातून आला, हातपाय धुतले आणि कुणाला काही न सांगता मेन स्विच पाडला. इन्व्हर्टरही बंद केला. आक्कानं कोनाड्यातला सेट उचलून ओसरीत आणला. मला कळेना. मी म्हणालो, अरे आता कशाला, केंद्रच राहिलं नाही. माझा आवाज चढला असावा. मिलिंद खांबाला टेकून बसला होता, अंधारात त्याचं तोंड दिसत नव्हतं. "ऱ्हाऊ द्या मामा," तो म्हणाला. "दादांनी मागितलं ते त्या दिवशी ऱ्हायलं व्हतं. रोज अर्धा तास बंद ठेवतो मी."

सेट लावला तर खरखर होतीच. समोरच्या घरात लाईट होती, कुणाचा तरी चार्जर लागलेला. मला पुन्हा चीड आली, समोरच्यावर, मिलिंदवर, गेलेल्या माणसावरसुद्धा. एवढं जिवंतपणी केलं असतं तर. मी उठून समोर सांगायला जाणार, तेवढ्यात आक्कानं हात आडवा केला. जन्मभर ती त्या डबड्याला वैतागलेली. तिनं सेट मांडीवर घेतला, हळूच डावीकडे फिरवला, थांबली, अजून थोडा फिरवला, अगदी दाजी फिरवायचे तसा. खरखर कमी होत होत बसली.

आम्ही तिघं त्या शांततेत बसलो. सेटच्या काट्याखाली आता केंद्रच नव्हतं. अर्ध्या तासानं मिलिंद उठला आणि त्यानं स्विच लावला.